वगळलेली जागा

चान्सुरा, एंगादिन खोरे
२७ एप्रिल २००३

मेंजा हिला, तिच्या वडिलांकडून.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. साडेदहा वर्षांनंतर आलेल्या त्या पत्रात चार ओळी आहेत, आणि चारही ओळी मास्तर शिमुन काल्यार यांच्या कबरीविषयी आहेत. तुझी प्रकृती कशी आहे, कूरच्या शाळेत तू अद्याप शिकवतेस की नाही, याविषयी एक अक्षर नाही. माझ्या प्रकृतीची चौकशी नाही. ती नसली तरी चालेल, कारण प्रकृती उत्तम आहे. मला एकोणऐंशी वर्षे पूर्ण झाली आणि सरत्या हिवाळ्यातही मी दोन कबरी स्वतःच्या हाताने खणल्या.

तू लिहितेस की, उत्सव समितीला कबरीची जागा हवी आहे, ती फक्त तुम्हाला ठाऊक आहे, हट्ट सोडा आणि सांगा. गुदेंचने लिहायला सांगितले म्हणून लिहिते आहे. हे शेवटचे तू लिहिले नसतेस तरी मला कळले असते. गुदेंच तुओर तुझ्या वर्गात होता. आता तो गावचा अध्यक्ष आहे. तो माझ्या स्वयंपाकघरात दोनदा येऊन बसला. पहिल्यांदा अक्रोडाचा केक घेऊन आला, दुसऱ्यांदा रिकाम्या हाताने.

"काका, साडेचारशे वर्षं झाली. आता तरी त्या माणसाला जरा उजेडात आणू या की," तो म्हणाला.

"तो उजेडातच आहे. दिवे लावायचे तर तुझ्या दुकानात लाव," मी म्हणालो.

त्यांचा बेत तुला पूर्ण सांगितला आहे की नाही, कोण जाणे. कबर शोधायची, ती उघडायची, हाडे निघतील ती दगडी पेटीत ठेवायची, आणि वर पुरुषभर उंचीचा काशाचा पुतळा उभा करायचा. १४ सप्टेंबरला टीव्हीवाले येणार आहेत. ज्या माणसाने या गावातला प्रत्येक पुतळा खाली उतरवला, त्याचाच पुतळा! चोराच्या स्मरणार्थ तिजोरी बांधावी, त्यातला हा प्रकार आहे.

तू शहरात राहून विसरली असशील, म्हणून लिहितो. मास्तर शिमुन हे चांभाराचे पुत्र. खोऱ्याच्या खालच्या टोकाकडून चालत ते इथे आले, तेव्हा त्यांच्यापाशी एक पवित्र शास्त्र आणि एक आरी एवढेच होते. दोन दिवस त्यांनी चर्चच्या पायरीवरून उपदेश केला. तिसऱ्या दिवशी जुना पंथ सोडायचा की नाही यावर गाव हात वर करून मत द्यायला जमला, तेव्हा त्यांनीच लोकांना थांबवले. ते म्हणाले, "माझा आवाज चांगला आहे म्हणून हात वर करू नका. उद्या याहून चांगल्या आवाजाचा कुणी येईल. आधी वाचायला शिका." मग त्या हिवाळ्यात गोठ्यातल्या उबेला बसवून त्यांनी गाव शिकवला. मुलींनाही शिकवले. पुढच्या सप्टेंबरात, गवत कापून झाल्यावर, हात वर झाले. संताचा जो लाकडी पुतळा होता तो त्यांनी जाळू दिला नाही. त्याच्या फळ्या काढवल्या आणि शवपेटी वाहायचा पाट करवला. त्याच पाटावरून आजही या गावातला प्रत्येक माणूस जातो. तेव्हा पुतळ्याचे काय करायचे असते, हे आम्हाला शिकवायला समितीची गरज नाही.

आणि मरताना ते म्हणाले, "माझ्यावर दगड ठेवू नका. जिवंतपणी माझे ऐकले नाहीत. माझ्या दगडाचे काय ऐकाल?"

म्हणून चान्सुराच्या दफनभूमीच्या आवारात दगड नाही, नाव नाही, क्रूस नाही. मंडळी पेटी फाटकापर्यंत आणते आणि चर्चमध्ये जाऊन उपदेश ऐकते. फाटकाच्या आत फक्त खणणारा आणि त्याचा जोडीदार. उपदेश संपून लोक बाहेर येतात, तोवर हिरवळीचे चौकोन पुन्हा जागेवर बसलेले असले पाहिजेत. शिवण दिसता कामा नये. माझ्या हातची शिवण एकोणचाळीस वर्षांत कुणाला दिसलेली नाही.

रांगा ठरलेल्या आहेत. पंचवीस वर्षांनी पहिल्या रांगेवर पुन्हा पाळी येते. एक जागा मात्र आम्ही वोन्झून लोक वगळतो. बाप ती मुलाला दाखवतो. बोट दाखवून नव्हे. चालता चालता तिथे वळसा घालतो, आणि मुलाने तो वळसा लक्षात ठेवायचा. बारा पिढ्या हा वळसा चालत आला आहे. तो तुझ्या वर्गबंधूच्या केकसाठी सरळ होणार नाही.

माझे उत्तर नाही असे आहे. मी चार हिवाळे शाळेत गेलो. पत्रात चूक आढळल्यास लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवावे.

तुझा पिता,
नुओत वोन्झून

१८ मे २००३

मेंजा हिला.

माझे पत्र तू खरोखरच परत पाठवलेस. शुद्धलेखनाची एकही चूक निघाली नाही, याची नोंद घेतली. मात्र समासात लाल शाईने तू जे लिहिले आहेस, ते शिक्षिकेला शोभणारे नाही.

"बारा पिढ्या त्या माणसाची जागा जपता. माझी आई कुठे आहे ते सांगता येत नाही?" हा प्रश्न तू मला १९९२ सालच्या ऑक्टोबरातही विचारला होतास. याच टेबलापाशी, ओला कोट अंगात असताना. मी तेव्हा जे उत्तर दिले तेच आज देतो : ती आवारात आहे, सर्वांबरोबर आहे. आमच्याकडे जागा विचारत नाहीत. गेल्या वर्षी चात्रिनाचा नवरा गेला. चात्रिनाने विचारली नाही. ती फाटकापाशी उभी राहते, बास म्हणते आणि घरी जाते. चात्रिनाची जीभ किती लांब आहे हे तुला ठाऊक आहे. तरी तिने विचारले नाही.

तू लिहितेस की, मी तुझी वाट पाहिली नाही. दरड कोसळून रस्ता तीन दिवस बंद होता. तिसऱ्या दिवशी पुरायचे, हा नियम आहे. तू चौथ्या दिवशी चिखलातून चालत आलीस. तोवर हिरवळ बसली होती. तू बाहेर पावसात उभी राहून त्या सगळ्या गवताकडे पाहत होतीस, ते मी खिडकीतून पाहिले. नंतर तू आत येऊन जे बोललीस ते मी इथे लिहीत नाही. मी ते कुणालाही सांगितलेले नाही. तुझ्या चपलांचा जोड दाराशी राहिला होता, तो माळ्यावर आहे. उंदरांनी खाल्लेला नाही.

दुसरे तू असे लिहिले आहेस की, तू सहा वर्षांची असताना मी तुला आवारात थोबाडीत मारली होती, आयुष्यात एकदाच, आणि का ते कधी सांगितले नाही. मारली. कारण होते.

तुझी आई चांगल्या जागी आहे. एवढे पुरे.

घरी सर्व ठीक आहे. शेळी आता ठेवलेली नाही. जवाचे सूप मी स्वतः करतो, आणि ते तुझी आई नेइसा करायची त्याहून वाईट होते, हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही.

नुओत वोन्झून

२९ जून २००३

मेंजा हिला.

या वेळी तू पत्र परत पाठवले नाहीस, नुसता एक कागद पाठवलास, आणि त्यावर माझ्याच पत्रातला एक शब्द लिहून पुढे प्रश्नचिन्ह घातलेस : "चांगल्या?" त्याचे उत्तर देण्याइतका मला आज वेळ नाही. इथे निराळीच गडबड आहे.

समितीने मला विचारणे सोडले. त्यांनी यंत्र आणले. लहान मुलाच्या गाडीसारखे, तीन चाकांचे. खाली चपटी पेटी आणि वर एक पडदा. खालच्या शहरातून दोन पदवीधर आले, एक मुलगा, एक मुलगी, दोघांच्या डोक्यावर उन्हाच्या टोप्या. ते यंत्र गवतावरून ढकलत न्यायचे म्हणजे जमिनीखाली कुठे खणले होते ते पडद्यावर दिसते, असे सांगतात. तीन दिवस ते आवारात येरझारा घालत होते. मी भिंतीबाहेरच्या बाकावर बसून होतो. गाव रस्त्यावर उभा होता.

"काय रे नुओत," चात्रिना कुंपणावरून ओरडली, "तुझ्या पोटातलं गुपित काढायला आता डॉक्टर आणलाय म्हणे! लागेल का रे गुंगीचं औषध?"

 ती पुढे म्हणाली, "बघ हं, त्या यंत्राला माझा म्हातारा सापडला तर सांग, घोरतोय का ते."

लोक हसले. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण तीही हसली.

पहिले दोन दिवस ती मुलगी नुसती मान हलवत होती. सगळी जमीन कालवलेली, शंभरदा खणलेली, खालीवर झालेली. ते मी तिला यंत्रावाचून सांगितले असते. तिसऱ्या दिवशी दुपारी यंत्र एका ठिकाणी थांबले. मागे गेले. पुन्हा पुढे आले. मी मोजले, नऊ वेळा. मग मुलीने टोपी काढली आणि गुदेंचला हाक मारली.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. चेहरा दिव्यासारखा झाला होता. "काका, सापडले! सगळ्या आवारात एकच जागा अशी आहे की तिथे आयुष्यात एकदाच खणलंय. एकच माणूस. आजूबाजूला कुणी नाही. कडा अशा स्वच्छ, की सुरीनं कापल्यासारख्या! तुम्ही लोकांनी बारा पिढ्या हात लावला नाहीत म्हणूनच सापडले. उपकार आहेत तुमचे." त्याने जागा कागदावर उतरवून पाकिटात बंद केली आहे. बघे जमतील म्हणून उघडायच्या दिवसापर्यंत कुणाला सांगणार नाही. म्हणजे आता त्याच्यापाशीही एक गुपित आहे, आणि त्याची चाल त्याच दिवसापासून बदलली आहे.

 

तू कूरमध्ये राहतेस, सरकारी कचेऱ्या तुझ्या दाराशी आहेत, म्हणून एक चौकशी करतो. कबर उघडण्याआधी नातेवाइकांना हरकत घेता येते काय? घेतली, तर तिचे कारण गावाच्या सभेत वाचून दाखवतात काय, की कागद कचेरीतच राहतो? एका ओळखीच्या माणसाला माहिती हवी आहे. लवकर कळवावे.

नुओत वोन्झून

५ जुलै २००३

मेंजा,

"ओळखीचा माणूस कोण, बाबा?" एवढेच तू लिहिलेस. दहा वर्षांत बाबा हा शब्द मी प्रथम वाचला. तेव्हा लिहितो. जे लिहितो ते एकदाच लिहीन.

तुझी आई गेली त्या रात्री मी रांगेचा हिशेब केला. पाळी उत्तरेकडच्या भिंतीलगतच्या जागेची होती. तिथे पाणी साचते. त्या जागेत तिच्या अगोदर निदान सोळा माणसे गेली आहेत. कुदळ मारली की त्यांच्यापैकी कुणी ना कुणी वर येते. मी आयुष्यभर लोकांच्या आया आणि बायका अशा जागी ठेवल्या, आणि घरी येऊन निवांत जेवलो. माणूस माती आहे, मातीत जातो, हा उपदेश मला पाठ आहे. पण ती बाई अठ्ठावीस वर्षे माझ्या अंगरख्यांवरची थडग्याची माती धूत आली. ती कधी म्हणाली नाही की, तुमच्या अंगाला वास येतो. त्या जागेत तिला ठेवणे मला जमेना.

माझ्यापाशी देण्यासारखी एकच चांगली जागा होती.

मी नियम मोडला. मी, जो तुला आईच्या नावाचा दगड बसवू देत नव्हता, त्याने तुझ्या आईला मास्तर शिमुन यांच्या शेजारी ठेवायचे ठरवले. दरडीने रस्ता बंद होता हे खरे. नियम तिसऱ्या दिवसाचा होता हेही खरे. पण रस्ता उघडेपर्यंत एक दिवस थांबता आले असते. पूर्वी तसे थांबलेलो आहोत. मी थांबलो नाही, कारण तू आली असतीस तर फाटकाबाहेर राहिली नसतीस. तू भिंतीवरून पाहिले असतेस. हे तुला आजवर सांगितले नाही.

आत मी आणि तुझा क्ला काका, दोघेच होतो. क्ला आता नाही, म्हणून त्याच्यावर दोष येत नाही. मी वळसा घातला नाही, सरळ त्या जागी गेलो. क्ला म्हणाला, "दादा, अरे तिथे नाही." मी म्हणालो, "धर चौकोन." हिरवळ काढली. हाडे सांभाळून बाजूला करायची आणि मग तिची पेटी ठेवायची, असे मी ठरवले होते. त्यासाठी स्वच्छ कापडही नेले होते. हात कधी नव्हे इतका जपून चालवत होतो.

आता जे लिहितो ते फक्त खणणाऱ्याला समजेल, पण तू खणणाऱ्याची मुलगी आहेस. एकदा खणलेली माती पुन्हा पहिल्यासारखी कधीच होत नाही. चारशे वर्षांनीही ती भुसभुशीत, मिसळलेली, काळी-पिवळी राहते. न खणलेल्या जमिनीत वर वीतभर काळी, तिच्याखाली पिवळी, तिच्याखाली एन नदीने अंथरलेले गोटे, एकाला एक लागून, दात असावेत तसे घट्ट. मी काळी काढली. पिवळी लागली, एकरंगी. गोटे लागले. एकही गोटा हललेला नव्हता.

क्ला कुदळीवर टेकला आणि म्हणाला, "दादा, इथे कुणी नाही रे."

"खण," मी म्हणालो.

"अरे, कुणीच नव्हतं कधी. देवाच्या हातची जमीन आहे ही."

"खण म्हणतो ना!"

चर्चमध्ये स्तोत्र सुरू झाले होते. आम्ही ते गोटे पहारीने उपटले. तुझ्या आईला तिथे ठेवले, जिथे जग झाल्यापासून कुणी निजले नव्हते. शेवटचा चौकोन बसवला आणि लोक बाहेर आले. शिवण दिसली नाही.

म्हणजे बारा पिढ्या आम्ही काय जपले, मेंजा? माझ्या बापाने मला त्या जागेशी वळसा घालायला शिकवले, तेव्हा माझी छाती फुगली होती. सभेत मला शेवटच्या बाकावर बसवत, कारण माझ्या नखांत माती असे. पण मला वाटे, बसवा, तुम्हाला ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे. याच एका गोष्टीवर मी आयुष्यभर मान ताठ ठेवली. मास्तर शिमुन आवारात कुठे तरी आहेत, सोळा जणांखाली किंवा सोळा जणांवर, आणि ते कुठे हे कोणाही वोन्झूनला ठाऊक नाही. मला फक्त ते कुठे नाहीत एवढे ठाऊक आहे. तू ओल्या कोटात उभी राहून, "तुमच्या मास्तराची जागा ठाऊक आणि माझ्या आईची नाही," असे ओरडलीस, तेव्हा मला बरोबर उलटे उत्तर द्यायचे होते. ते देता आले नाही. दिले असते तर मी उरलो नसतो.

यंत्राला जी एकटी कबर सापडली, ती तुझ्या आईची आहे. ते ती उघडणार आहेत. टीव्हीवर.

माझी मागणी अशी आहे : कूरच्या कचेरीत तू मुलगी या नात्याने हरकत दाखल कर आणि कारण बंद पाकिटात द्यावे. गावात वाच्यता होऊ नये. ही विनंती नव्हे. तुझ्या आईचा हक्क तुला कळवत आहे. सोबत तिच्या मृत्यूचा दाखला जोडला आहे.

नुओत वोन्झून

२० जुलै २००३

मेंजा,

तुझे उत्तर आले. दाखला परत, आणि त्याला टाचलेली एक चिठ्ठी : "कूरला नाही, बाबा. गावाला सांगा. हात वर करून."

मी दोन दिवस तुझ्यावर संतापलो होतो. तिसऱ्या दिवशी रविवारचा सदरा इस्त्री केला.

सभा शुक्रवारी चर्चमध्ये भरली. तू पाहिलेली नाहीस इतकी गर्दी होती, बाकांवर जागा उरली नव्हती. पुतळ्याचा लहान नमुना टेबलावर ठेवला होता. एका हातात पुस्तक, दुसरा हात आकाशाकडे. मास्तर शिमुन पाऊस आला का ते पाहत आहेत, असे वाटत होते. गुदेंचने भाषण केले. शेवटी तो म्हणाला, "तर मग कबर उघडण्यास कुणाची हरकत?"

मी हात वर केला. एकोणचाळीस वर्षांत सभेत मी मत देण्यासाठी हात वर केला, बोलण्यासाठी कधी केला नव्हता.

"बोला काका."

"मी पुढे येऊन बोलणार," मी म्हणालो, आणि शेवटच्या बाकावरून पायरीपर्यंत चालत गेलो. ज्या पायरीवर ते उभे राहिले होते, तीच ही पायरी. हे मी मुद्दाम केले, आणि त्याबद्दल मला खेद नाही.

मी सगळे सांगितले. तुला लिहिले तेवढेच आणि त्याच क्रमाने.  मग मागून चात्रिनाचा आवाज आला :

"अगं बाई! म्हणजे नुओत, उभा जन्म तू नाक वर करून फिरलास, तो रिकाम्या खड्ड्यासाठी?"

"होय," मी म्हणालो.

"आणि मला गेल्या वर्षी म्हणालास, जागा विचारत नाहीत, चात्रिना, नियम आहे. मी घरी जाऊन रडले. आणि स्वतःच्या बायकोला मात्र गादी!"

"होय. तो अन्याय झाला. तुझ्या नवऱ्याची जागा मी तुला उद्या सकाळी दाखवीन. इथे ज्याला ज्याला हवी त्याला दाखवीन, माझ्या हातून गेलेल्या प्रत्येकाची. मला सगळ्या पाठ आहेत. नियमात दगड ठेवू नका असे आहे. सांगू नका असे मास्तरांनी कुठेही म्हटलेले नाही. चर्चच्या कपाटातल्या जुन्या वहीत त्यांचे चौतीस उपदेश आहेत. ते मी पुन्हा वाचून काढले. सांगू नका, हे आम्ही वोन्झून लोकांनी वाढवले, कारण त्यात आमचा मान होता."

तेवढ्यात समितीतला एक जण, खालच्या वस्तीतला, उठून म्हणाला, "मग मास्तरांची खरी कबर कुठे?"

"तू रोज तिच्यावरून चालत येत असशील. त्यांना तेच हवं होतं."

"पण पहिल्या खणणाऱ्याला तर माहीत असणार!"

"असणार. आणि त्यानं आपल्या मुलाला भलतीच जागा दाखवली. गावाला फसवणं सोपं असतं. त्यानं आपल्या पोरालाही सांगितलं नाही. त्या काळात मास्तरांचं म्हणणं ज्याला खरोखर कळलं, असा हा एकच माणूस, आणि त्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही. आम्ही बाकीचे अकरा जण एका न दिसणाऱ्या पुतळ्याला प्रदक्षिणा घालत राहिलो. तेव्हा पुतळा कसा असतो हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. मी माफी मागायला इथे आलेलो नाही. माझ्या बायकोला हात लावायचा नाही, हे सांगायला आलो आहे. जो लावील त्याला आधी मला त्याच आवारात पुरावं लागेल, आणि खणणारा या गावात मी एकटाच आहे."

यावर कुणी तरी हसले, मग पुष्कळ जण हसले. नव्या पाळकबाई, ज्या झुरिककडच्या आहेत आणि आमची भाषा अडखळत बोलतात, त्या उभ्या राहून म्हणाल्या, "मत घ्या." तेवढे त्यांनी बिनचूक म्हटले.

कबर उघडू नये, याला सगळे हात वर गेले. गुदेंचचा सर्वांत शेवटी, पण गेला. पुतळा मात्र मंजूर झाला, आठ मतांनी. आवारात नाही, बसथांब्याजवळ बसवणार. मी विरुद्ध मत दिले. तो उभा राहील तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून बसची वाट पाहीन, आणि तसे मी त्यांना सभेतच सांगून ठेवले आहे. लोक वाचायला शिकतात, पण काय वाचतील हे चांभाराच्या मुलाच्याही हाती नव्हते.

बाहेर आल्यावर गुदेंचने पाकीट माझ्या हातात दिले. "काका, हा तुमचा कागद. यंत्रातलंही पुसायला सांगतो." मग म्हणाला, "आमची आजी कुठाय हो? तुमच्या हातनंच गेली ती." मी त्याला सांगितले. फाटकात उभा राहून तो बराच वेळ त्या दिशेला बघत होता. कागद मी चुलीत घातला. त्यावर सूप उकळले आणि नेहमीप्रमाणे खारट झाले.

शनिवारी सकाळी फाटकाशी सव्वीस माणसे आली होती. चात्रिना सर्वांत पुढे. तिला जागा दाखवल्यावर तिने वाकून गवताला कान लावला, हे तुला खोटे वाटेल.

आता तुझ्याविषयी. दगड बसवणार नाही. तू भांडलीस तरी नाही, मी मेल्यावर बसवलास तरी चान्सुराचा जो कुणी पुढचा खणणारा असेल तो काढून टाकील, आणि मी त्याला तसे शिकवून जाईन. मलाही पाळीने जी जागा येईल तीच हवी, भिंतीलगतची आली तर भिंतीलगतची. तुझ्या आईच्या शेजारी मला ठेवू नये. एका घरातून एकानेच नियम मोडला, एवढे पुरे.

पण दर वसंतात बर्फ गेले की मी त्या जागेवर एक पाटी माती टाकत आलो, जमीन बसल्याचे दिसू नये म्हणून. यंदा पाटी भरली आणि तशीच ठेवून दिली. दहा-अकरा वर्षांनी पेटीचे झाकण बसते आणि वरची हिरवळ बोटभर खाली जाते. गवतामुळे डोळ्यांना ते दिसत नाही, पायांना कळते.

येत्या रविवारी ये. उपदेश सुरू असताना आवारात कुणी नसते. चपला फाटकाशी काढ. मी बाहेरच्या बाकावर बसून राहीन, आत येणार नाही आणि दाखवणारही नाही. तुला दाखवावी लागणार नाही. सहा वर्षांची असताना, माझ्या मागून उड्या मारत येताना, मी जिथे वळसा घातला तिथे तू सरळ गेलीस, आणि ज्या जागेवर उभी होतीस म्हणून मी तुझ्या गालावर मारले, ती जागा तू विसरली नाहीस, हे तुझ्या पत्रावरून मला कळले आहे.

तिथे ती आहे. सरळ जा.

बाबा